कागद किती जुना, शाई किती जुनी?

गेल्या अंकात पोथीचं वय कसं ओळखतात हे सांगताना बर्मिंगहॅममधल्या कुराणाच्या दोन पानांचा मी ओझरता उल्लेख केला होता. एरवी या सदराला महिन्याकाठी सात-आठ पत्रं येतात आणि त्यातली निम्मी वाळवीबद्दल असतात. या वेळी एकतीस आली. त्यातली सहा निवडली आहेत. वाळवीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत घोडावजाची, म्हणजे वेखंडाची, पुरचुंडी ठेवून धीर धरावा.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. तीस वर्षं पोथ्या ताडून पाहायचं काम केलं. एकाच ग्रंथाच्या दहा-पंधरा नकला समोर मांडायच्या आणि कुठे कोणता शब्द वेगळा पडतो ते तक्त्यात भरायचं. संस्कृत घरचंच. फारसी चाळिशीत शिकले, कारण कपाटांत फारसी बाडं पडून होती आणि ती वाचणारे एकटे मौलवीसाहेब निवृत्तीला टेकले होते. अरबी मला मजकूर लावण्यापुरती येते. तेव्हा मी इस्लामची पंडिता नव्हे. पण नक्कल करणाऱ्यांच्या खोडी सगळ्या लिप्यांत सारख्याच असतात, आणि त्या मला चांगल्या ठाऊक आहेत.

प्रश्न : मुलाने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात सांगतात की मुहम्मद पैगंबर झालेच नाहीत, त्यांचं चरित्र दीड-दोनशे वर्षांनी रचलं गेलं. आमच्या सोसायटीतले एक मुस्लिम स्नेही म्हणतात, छे, एकेक गोष्ट सनवार नोंदलेली आहे. कोणाचं खरं मानू?
– निवृत्त बँक कर्मचारी, रावपुरा

चरित्र उशिरा लिहिलं, हे खरं. म्हणून माणूसच झाला नाही, हे खोटं.

हिशेब असा. पैगंबर वारले ६३२ साली. त्यांचं मोठं म्हणावं असं सर्वांत जुनं चरित्र इब्न इस्हाकचं. हा मदिनेचा, बगदादला ७६७च्या सुमारास वारला. म्हणजे दोघांच्या मृत्यूंत एकशे पस्तीस वर्षांचं अंतर. त्याची मूळ प्रतही आपल्या हाती नाही. इब्न हिशाम नावाच्या पुढच्या पंडिताने ती छाटूनतासून जी आवृत्ती केली, तीच काय ती उरली. हा वारला ८३३च्या आसपास. या इब्न हिशामबद्दल मला फार आपुलकी आहे, कारण काय गाळलं ते तो सुरुवातीलाच सांगून टाकतो : पैगंबरांशी संबंध नसलेलं गाळलं, जाणकारांना माहीत नसलेली कवनं गाळली, आणि काही गोष्टी बोलणं शोभत नाही म्हणून गाळल्या. आमच्या पोथ्या उतरवणाऱ्यांनी एवढी कबुली दिली असती तर माझी दहा वर्षं वाचली असती. गाळलेल्यातलं काही तबरी नावाच्या इतिहासकाराच्या ग्रंथात मिळतं, कारण त्याच्याकडे इब्न इस्हाकचा मजकूर दुसऱ्या वाटेने आला होता. दोन वाटांनी आलेला मजकूर शेजारी-शेजारी ठेवायचा आणि मुळात काय असेल ते काढायचं. आमचंच काम.

आता घरचं उदाहरण. मल्हार रामराव चिटणिसांनी शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती महाराजांच्या पश्चात सुमारे एकशे तीस वर्षांनी. अंतर जवळपास तेवढंच. म्हणून महाराज झालेच नाहीत असं कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, बखर बाजूला ठेवा, अस्सल कागद काढा. बखरींनी जन्म शके १५४९चा सांगितला होता. टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली छापली आणि शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया पुढे आली. महाराज तेच राहिले, तिथी बदलली.

तर अरबांचे अस्सल कागद कोणते? व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे, इजिप्तमधून आलेला. वर ग्रीक, खाली अरबी. अब्दुल्ला बिन जाबिर नावाच्या अरब सरदाराने आपल्या फौजेसाठी पासष्ट मेंढ्या घेतल्या, त्याची ही पावती. सुरुवातीला बिस्मिल्ला, शेवटी महिना जमादिलावल, साल बावीस. हे साल हिजरी, म्हणजे इसवी ६४३, पैगंबरांना जाऊन अकरा वर्षं. चरित्र लिहिणाऱ्याला काहीतरी पटवून द्यायचं असतं. मेंढ्यांच्या पावतीला कोणाला काय पटवायचंय?

दुसरा पुरावा खडकावरचा. सौदी अरेबियात अल-उलाजवळ जुहैर नावाचा कोणी एक जण कोरून गेला : मी जुहैर, उमर वारले तेव्हा लिहिलं, साल चोवीस. हे उमर म्हणजे दुसरे खलिफा. अरबीत आकडा शब्दांत आहे, 'अर्बा व इशरीन'. मोडी वाचणाऱ्यांना इथे ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल. पेशवे दप्तरात 'सन अर्बा अशरीन मया व अलफ' लिहिलेलं दिसतं त्यातले हेच शब्द. आपल्या कारकुनांनी जपलेला तो सुहूर सन याच अरबी अंकांवर चालतो.

शिवाय बाहेरच्यांच्या नोंदी आहेत. ६३४ साली गाझाजवळ रोमन फौजेची अरबांशी लढाई झाली. ती नोंदवणारा, सिरियाक या तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथभाषेत लिहिणारा एक पाद्री ६४०च्या सुमारास त्यांना 'मुहम्मदाचे अरब' म्हणतो. नंतर ६६०च्या दशकातल्या एका आर्मेनियन इतिहासात मुहम्मद हे व्यापारी होते आणि त्यांनी आपल्या लोकांना अब्राहमच्या देवाची ओळख करून दिली, असं आलं आहे. हे सगळे हरलेल्या बाजूचे लोक. त्यांना पैगंबर बनवून सांगायचं काही कारण नव्हतं.

१९७७ साली पॅट्रिशिया क्रोन आणि मायकेल कुक या दोघांनी मुस्लिम साधनं सगळीच बाजूला ठेवून फक्त बाहेरच्यांच्या नोंदींवरून इतिहास लिहून पाहिला. मोठी खळबळ उडाली. पण तो प्रयोग होता, आणि त्याचे बरेच निष्कर्ष टिकले नाहीत. त्याच क्रोनबाईंनी २००६ साली स्वच्छ लिहिलं की पैगंबर होऊन गेले याबद्दल शंकेला जागा नाही. तुमच्या व्हिडिओतले गृहस्थ १९७७ला थांबलेले दिसतात.

स्नेह्यांनाही एक गोष्ट सांगा, चहा पिताना सांगा. जन्माचं साल परंपरेने 'हत्तीचं वर्ष' म्हणून सांगतात, अब्रहा नावाच्या राजाने मक्केवर हत्ती आणला ते, सुमारे ५७०. या अब्रहाच्या अरबस्तानातल्या एका स्वारीचा दगडावरचा लेख मिळाला आहे, त्यावरून येतं ते साल ५५२. ही तीच स्वारी की दुसरी, यावर वाद आहे; पण ५७० या आकड्याला हल्ली कोणी अभ्यासक घट्ट धरून बसत नाही.

प्रश्न : मी मूळची चिपळूणची. घरी आम्ही मराठीच बोलतो. लग्न होऊन बडोद्याला आले त्याला बावीस वर्षं झाली. मुलगा कॉलेजात इतिहास शिकतो आणि घरी येऊन सांगतो की हदीस नंतर बनवलेल्या आहेत असं जर्मन लोक म्हणतात. त्याचे अब्बा चिडतात, ताटावरून उठून जातात. हे संशोधन आमच्या दीनची बदनामी करण्यासाठीच असतं का? मुलाला काय सांगू?
– एक गृहिणी, तांदळजा

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

फारसीच्या पहिल्याच आठवड्यात मौलवीसाहेबांनी मला हदीस म्हणजे काय ते सांगितलं होतं. हदीस म्हणजे पैगंबर काय बोलले, कसे वागले याची सांगोवांगी आलेली आठवण. तिचे दोन भाग : सनद आणि मतन. मतन म्हणजे मूळ बोल, आणि सनद म्हणजे साखळी : मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, असं मागे मागे जात पैगंबरांपर्यंत. मी म्हटलं, सनद तर आमच्याकडे इनामाची असते. ते हसून म्हणाले, "बेटी, तीही हीच. जमीन कोणाकडून आली ते दाखवा, तरच तुमची."

तेव्हा पहिली गोष्ट : 'हे खरं कशावरून?' हा प्रश्न जर्मनांनी आणलेला नाही. तो तुमच्याच बुजुर्गांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी विचारला. इमाम बुखारी ८७० साली वारले. परंपरा सांगते की त्यांनी सहा लाख हदीस चाळल्या, आणि त्यांच्या संग्रहात पुनरुक्ती धरून सात हजारांवर थोड्या आहेत. सांगणाऱ्यांच्या चरित्रांचे कोशच्या कोश लिहिले गेले. हा खोटारडा, ह्याची म्हातारपणी स्मृती गेली, हा ज्याचं नाव सांगतो त्याला कधी भेटलाच नव्हता. आमच्या पुराणिकांची अशी झाडाझडती कोणी घेतलेली नाही.

मग युरोपातल्यांनी नवं काय केलं? इग्नात्स गोल्डझिहेर हे बुडापेस्टचे ज्यू पंडित. तरुणपणी १८७३-७४मध्ये कैरोला जाऊन अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकले आणि त्या दिवसांबद्दल आयुष्यभर प्रेमाने बोलले. १८९०च्या ग्रंथात त्यांनी दाखवलं की पुष्कळ हदीस पैगंबरांच्या काळापेक्षा नंतरच्या भांडणांबद्दल जास्त सांगतात : उमय्या विरुद्ध अब्बासी ही खलिफांची घराणी, हा पंथ विरुद्ध तो पंथ. १९५०मध्ये योझेफ शाख्त यांनी पुढचं पाऊल टाकलं. जुन्या ग्रंथात जे मत एखाद्या कायदेपंडिताचं म्हणून येतं, तेच पुढच्या ग्रंथात पैगंबरांच्या सोबत्याचं होतं, आणि त्याच्याही पुढच्यात खुद्द पैगंबरांचं. म्हणजे सनद मागे मागे वाढत जाते. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे कोणतंही सुभाषित चार घरं फिरलं की समर्थांच्या नावावर जमा होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि तुमच्या मुलाला बहुधा हा पुढचा भाग अजून शिकवलेला नाही. शाख्तना खणखणीत उत्तर दिलं ते उत्तर प्रदेशातल्या मऊचे मुहम्मद मुस्तफा आझमी यांनी. केंब्रिजला जाऊन, त्यांच्याच पद्धतीने, पानोपानी. हैदराबादचे मुहम्मद हमीदुल्ला यांनी हम्माम बिन मुनब्बिह याच्या हदीसांच्या जुन्या वहीच्या प्रती बर्लिन आणि दमास्कसमधून शोधून काढल्या. त्या वहीतला मजकूर पुढच्या मोठ्या संग्रहांशी ताडला तर बहुतेक जुळतो. म्हणजे निदान तेवढा तरी मध्ये कोणी बदललेला नाही.

आणि मग हाराल्ड मोत्स्की. यांनी यमनच्या अब्दुर्रज्जाकचा संग्रह घेतला. हा अब्दुर्रज्जाक ८२७ साली वारला. त्यात मक्केच्या अता नावाच्या गुरूची शेकडो उत्तरं त्याच्या शिष्याने दिली आहेत. मोत्स्की म्हणतात, शिष्य खोटं रचत असता तर त्याने सगळं पैगंबरांच्या तोंडी घातलं असतं. इथे तर गुरू बहुतेक ठिकाणी नुसतं स्वतःचं मत देतो, आणि शिष्यही गुरूचं न पटलेलं, न कळलेलं तसंच लिहून ठेवतो. बनावट मालात असा बावळटपणा नसतो. म्हणजे हा मजकूर आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या मक्केचा, शाख्तनी मानलं होतं त्याहून बराच आधीचा. पोथ्या ताडताना मीही हेच बघायचे. अडखळणारी प्रत खरी, गुळगुळीत प्रत संशयास्पद.

बदनामीसाठी लिहिणारे नव्हते असं मी म्हणणार नाही. विल्यम म्यूर हे कंपनी सरकारचे अधिकारी. त्यांनी १८५८ ते ६१मध्ये पैगंबरांचं चार खंडांचं चरित्र लिहिलं ते मिशनऱ्यांना हवं होतं म्हणून, आणि त्याचा सूर वाचताना लपत नाही. सर सय्यद अहमद खान ते वाचून जळफळले. मग १८६९ साली पदराला खार लावून लंडनला गेले, ग्रंथालयात बसले आणि पुढच्याच वर्षी उत्तर छापलं. शिबली नोमानींनीही उर्दूत पैगंबरांचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा आधी साधनांची चाळणी केली; त्याला पैसा भोपाळच्या बेगमसाहेबांनी दिला.

मुलाला एवढंच विचारा : कोणती हदीस, आणि कोणता जर्मन? मोत्स्कीही जर्मनच होते. अब्बांना मात्र शांतपणे जेवू द्या.

प्रश्न : बर्मिंगहॅमची पानं कार्बन तपासणीत इ.स. ५६८ ते ६४५मधली निघाली असं वाचलं. पैगंबरांचा जन्म ५७०चा धरला तर कुराण पैगंबरांच्याही आधीचं ठरत नाही का?
– पदव्युत्तर विद्यार्थी, सयाजीगंज

नाही. पण मला तुझा राग येत नाही, कारण याहून ढोबळ चूक मी केली आहे.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एक पोथी आली. शेवटी लिहिलेलं, शके १५४०. मी आनंदाने उड्या मारत वरिष्ठांकडे गेले. त्यांनी पान उचललं, खिडकीकडे उजेडात धरलं आणि मला दाखवलं. कागदाच्या आत पाणछापात इंग्रजी आकडे होते, अठराशे काहीतरी. लिहिणाऱ्याने समोरच्या जुन्या पोथीतली तारीखसुद्धा इमानेइतबारे उतरवली होती. तारीख एक, कागद दुसरा. वरिष्ठ काही बोलले नाहीत, नुसते चष्मा पुसत राहिले. ते जास्त लागलं.

बर्मिंगहॅमचं उलटं आहे. तिथे पान जुनं हे पक्कं, पण लिहिलं कधी ते पानावरून कळत नाही. कार्बन तपासणी चामड्याचं वय सांगते, म्हणजे ते जनावर कधी मेलं ते. शाईचं वय सांगत नाही. शिवाय ५६८ ते ६४५ हा पल्ला आहे, त्यातलं कोणतंही एक साल नव्हे. खरं वय त्या पल्ल्यात असण्याची शक्यता ९५.४ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. पल्ल्याचं एक टोक धरून बोंब मारायची हे वर्तमानपत्रांचं काम. अक्षराच्या वळणावरून काही जाणकार लेखन थोडं पुढचंही मानतात.

या पानांची मजा निराळीच आहे. ती बर्मिंगहॅमला आणली आल्फोन्स मिंगाना यांनी, १९२०च्या दशकात. पैसे कॅडबरी चॉकलेटवाल्या घराण्याचे. दोनच पानं, तीही दुसऱ्या एका बाडात चुकून शिवलेली. आल्बा फेडेली नावाच्या संशोधिकेच्या लक्षात आलं की ही वेगळी आहेत. २०१५ साली जगाला कळलं. याच प्रतीची आणखी सोळा पानं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. असे विखुरलेले संसार मी पुष्कळ पाहिले आहेत. एका ग्रंथाचा पूर्वार्ध आमच्याकडे, उत्तरार्ध तंजावरला.

तुला खरोखर खोलात जायचं असेल तर सनाकडे बघ. यमनमधल्या सनाच्या मोठ्या मशिदीची १९७२ साली डागडुजी करताना छपराच्या पोकळीत जुन्या पानांचा ढीग सापडला. झिजलेलं कुराण फेकत नाहीत, असं कुठेतरी जपून ठेवतात. त्यात एका प्रतीचं चर्मपत्र आधी लिहून, धुऊन-खरवडून, पुन्हा लिहिलेलं निघालं. वरचा मजकूर नेहमीचा. खालचा, पुसलेला, काळाच्या ओघात तपकिरी होऊन वर आला. आपल्याकडे चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावत. हरताळ फासणे हा वाक्प्रचार त्यातूनच आला, आणि हरताळाखालची अक्षरंही अशीच कधीकधी डोळा मारतात. सनाच्या खालच्या मजकुरात सुरांचा, म्हणजे अध्यायांचा, क्रम वेगळा आहे, काही शब्द वेगळे, काही पुढेमागे. धर्म बदलेल असं त्यात काही नाही. पण एके काळी एकाहून अधिक पाठ चालत होते, हे मुस्लिम परंपरा जे सांगत आली होती, त्याचा हातात धरता येईल असा पुरावा मिळाला.

परंपरा म्हणते की तिसरे खलिफा उस्मान यांनी ६५०च्या सुमारास एक पाठ ठरवला, त्याच्या प्रती शहरोशहरी धाडल्या आणि बाकीच्या जाळायला लावल्या. ही कथा पुष्कळांना नंतरची वाटे. लायडनच्या मारायन फान पुट्टेन यांनी २०१९ साली ती ज्या रीतीने तपासली ती वाचून मी, खरं सांगते, टाळी वाजवली. 'अल्लाहची कृपा' या शब्दजोडीतला 'निअमत' शब्द अरबीत दोन तऱ्हांनी लिहिता येतो, शेवटी उघडा त किंवा गोल. त्यांनी चौदा अतिजुन्या प्रती घेतल्या. ज्या जागी एका प्रतीत उघडा त, त्या जागी सगळ्यांत उघडा. जिथे गोल, तिथे सगळ्यांत गोल. समज, चौदा पोथ्यांत 'कवि' कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ आहे, पण नेमकं त्याच ओवीत सगळीकडे ऱ्हस्व आणि त्याच ओवीत सगळीकडे दीर्घ. पाठांतरावरून चौदा जणांनी लिहिलं तर असं होणार नाही. समोर एकच लिखित प्रत असली तरच होईल. आमच्या धंद्यात मोठमोठ्या मतभेदांपेक्षा अशा क्षुल्लक सारखेपणावर जास्त विश्वास ठेवतात.

तुझ्या मराठी घरात हे समजायला सोपं आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची. तीनशे वर्षांत पाठ इतके फाटे फुटले की नाथांनी १५८४मध्ये ती शुद्ध केली, आणि वर बजावून ठेवलं की यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली. उस्मानांच्या वेळी पैगंबरांना जाऊन वीसच वर्षं झाली होती. नाथांनी जाळलं काही नाही.

प्रश्न : दुसऱ्यांच्या ग्रंथांवर लिहायला तुम्हाला जोर येतो. आपल्या ग्रंथांची अशी चिरफाड कराल का?
– एक संतप्त वाचक, मांडवी

केली की. तुमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती याच बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात झाली. सात कांडं १९६० ते १९७५मध्ये छापून निघाली. तिच्यात लक्ष्मणरेषा शोधून दाखवा, पेढे माझ्याकडून. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताचं तेच केलं आणि गणपतीने लेखणी धरल्याची गोष्ट मुख्य पाठातून परिशिष्टात गेली. आमच्या घरी गणपती तरीही दीड दिवस बसतो. आणि गुजरातचा मोठा फारसी इतिहास 'मिरात-इ-अहमदी' हाही इथल्याच गायकवाड ग्रंथमालेत १९२७पासून छापला गेला, संपादक सय्यद नवाब अली. महाराजांनी कपाटं वेगळी केली नव्हती.

प्रश्न : शाळेत शिकलो की मक्का म्हणजे लोबान-अत्तराच्या व्यापाराची मोठी पेठ. हे तरी खरं ना?
– अत्तरविक्रेता, मंगळबाजार

तुमच्या धंद्याला धक्का द्यायचं जिवावर येतं. वर उल्लेख केलेल्या क्रोनबाईंनी १९८७ साली नेमका हाच प्रश्न घेतला. यमनचा धूप उंटांवरून रोमला जाई ते ख्रिस्ताच्या आसपासच्या काळात. पुढे मागणी घटली आणि राहिलेला माल समुद्रावरून जाऊ लागला. सहाव्या शतकात मक्का एवढी मोठी पेठ असती तर तिचा माल घेणाऱ्या ग्रीक-सिरियाक लोकांनी एका ओळीत तरी तिचं नाव घेतलं असतं. ते घेत नाहीत. मुस्लिम साधनांतच नीट पाहिलं तर कुरैशांच्या, म्हणजे पैगंबरांच्या मक्केतल्या कबिल्याच्या, मालात चामडं, जाडंभरडं लोकरी कापड, उंट, तूप येतं. अत्तर आहे, पण एडनचं आणि थोडं. सार्जंट नावाच्या विद्वानांनी यावर क्रोनना चांगलंच झोडपलं. मग वीस वर्षांनी क्रोननीच एक वाट सुचवली : सरहद्दीवरच्या रोमन फौजेला तंबू, खोगीर, ढाली, जोडे, सगळ्याला चामडं लागे, आणि ते अरब पुरवत असतील. म्हणजे कुरैश अत्तरवाले कमी आणि चामड्याचे ठेकेदार जास्त. मला हे पटतं. लष्करी ठेक्यावर घराणी उभी राहतात हे बडोद्यात कोणाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न : जावई अम्मानला असतात. दिवाळीनंतर जाणार आहोत, जेरुसलेमलाही जाऊ. तिथल्या सोनेरी घुमटात पाहण्यासारखं काय?
– एक जोडपं, अलकापुरी

आत सध्या फक्त मुस्लिमांना सोडतात, तेव्हा तुम्हाला बाहेरूनच पाहावं लागेल. पण आतल्या लेखाची छायाचित्रं जावयांकडून आधी मिळवा. गुडघे बरे असतील तर आवारात सकाळी लवकर जा, रांग मोठी असते.

ही वास्तू खलिफा अब्दुल मलिक यांनी बांधली. आत कमानींच्या वर निळ्या-सोनेरी काचतुकड्यांत सुमारे दोनशे चाळीस मीटर लांब लेख फिरतो. कुराणातली वचनं इमारतीवर एवढ्या विस्ताराने लिहिलेली याहून जुनी कुठे नाहीत. त्यात मुहम्मद अल्लाहचे प्रेषित आहेत हे आहे, आणि मरियमचा पुत्र येशू हाही प्रेषितच, देव तीन म्हणू नका, असं ख्रिस्ती शेजाऱ्यांना उद्देशून आहे. त्याच्या थोडं आधी, हिजरी ६६च्या सुमारास, इराणातल्या नाण्यांवर पैगंबरांचं नाव प्रथम आलं. म्हणजे पहिली साठएक वर्षं राज्य होतं, कर होते, मेंढ्यांच्या पावत्या होत्या, पण नाण्या-इमारतींवर पैगंबरांचं नाव मिरवायची रीत नव्हती. ती का आणि कशी सुरू झाली यावर अभ्यासक अजून भांडतात.

मला त्या लेखातलं बांधणाऱ्याचं नाव सगळ्यात आवडतं. तिथे अब्दुल मलिक नाही, 'मामून' आहे. हा मामून अब्बासी खलिफा, सव्वाशे वर्षांनंतरचा, अब्दुल मलिकचं घराणं उखडून आलेल्या घराण्यातला. कारागिरांनी जुन्या नावाचे तुकडे काढले आणि नव्या नावाचे बसवले. नाव मोठं होतं, जागा तेवढीच, म्हणून अक्षरं दाटीवाटीने बसली आणि निळा रंगही नीट जुळला नाही. आणि त्याच ओळीत पुढे असलेलं साल बदलायचं राहून गेलं. ते अजून तिथे आहे, हिजरी बहात्तर. मोडी येत असेल तर तुम्हीही वाचाल : इसन्ने सबैन.